दर पाऊण किलोमीटरला

दीपा : पण कालच तं बदललं ना, बाबा! काल! तुम्ही गाडीखाली निजले होते अन डबा म्या धरला होता. हे पाहा, माह्या ओढणीवर अजून डाग हाये.

बाबा : बदललं. नाई कुठं म्हनलो?

दीपा : मंग आता काहून म्हणता, ऑइलचं काही खरं नाई म्हणून?

बाबा : काहून का खरं नाई म्हनून.

दीपा : हे उत्तर झालं काय? परीक्षेत असं उत्तर लिहिलं तं बाई भोपळा देतीन.

बाबा : परीक्षेचं तू पाय. गाडीचं मले पाहू दे.

दीपा : पण परीक्षा अन गाडी आता एकच होऊन बसली ना! सोमवारी दहावीचा पहिला पेपर. सेंटर नेरले. पेपर अकराले. अन आपल्या गावातून बस निघते कितीले? साडेदहाले. निघते म्हणजे, निघाली तं. सकाळची मुक्कामी गाडी दोन दिवाळ्यायपासून बंद. मागच्या साली दोघी जणी अर्धा तास उशिरा पोचल्या, रडत रडत पेपर लिहिला अन दोघी बी गेल्या कापूस वेचाले. म्या वैष्णवीले सांगतलं, कोकिळेले सांगतलं, तांड्यावरच्या जमनीले सांगतलं, की बायांनो, माह्या बाबाची गाडी हाये, आपण चौघी काच खाली करून जाऊ.

बाबा : कोनाले इचारून सांगतलं?

दीपा : तुम्हालेच! संक्रांतीले इचारलं तं तुम्ही म्हटलं, ऑइल बदलू, मंग पाहू. बदललं. होळीच्या आधी इचारलं, तवाही म्हटलं, ऑइल बदलू, मंग पाहू. अखीन बदललं. तुम्ही बदलूनच राह्यले, बाबा, पाहून नाई राह्यले.

बाबा : नेरले वक्तृत्वाचा कप भेटला तवापासून घरात बी स्टेजवरच रायते ही पोरगी.

दीपा : हाव, रायते. कारण मले बोलता येते हे मलेच आत्ता समजलं. तं ऐका. अध्यक्ष महाशय...

बाबा : अध्यक्ष कोन?

दीपा : तुम्ही. बसा त्या टायरवर. विषय : गाडीचं इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलावं. मुद्दा पहिला, गाडीचं पुस्तक.

बाबा : कोनतं पुस्तक?

दीपा : तुमच्या जुन्या सेठनं डिक्कीत ठेवलेलं. एक कोपरा उंदरानं खाल्ला, पण ऑइलचं पान शाबूत हाये. इंग्रजीत होतं, मी डिक्शनरी घेऊन बसली. त्यात असं लिहिलंय की, ऑइल दर पाच हजार किलोमीटरला किंवा दर सहा महिन्यांनी बदलावे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा.

बाबा : आधी काय घडन?

दीपा : तेच तं इचारून राह्यली मी बी! थांबा, पुढं अखीन हाये. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, धुळीच्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर याच्या निम्मं. म्हणजे अडीच हजार किंवा तीन महिने.

बाबा : मंग? धूळ तं हायेच इथं.

दीपा : धूळ हाये, पण आपली गाडी धुळीत चालत नाई, धुळीत उभी हाये. ताडपत्री पांघरून, गायीच्या बाजूले, कोठ्यात. उभ्या गाडीचं पुस्तकात काहीच नाई. म्या मागून पुढून सगळं चाळलं.

बाबा : पुस्तक लिहिनाऱ्याले काय मालूम.

दीपा : बरं, मुद्दा दुसरा. घनश्यामकाका मिस्त्री. काल तुम्ही फटफटीवर बॅटरी चार्जिंगले घेऊन गेलते ना त्यायच्याकडे, तवा मी बी संगं होती. तुम्ही चहाले गेले अन म्या इचारून घेतलं. ते म्हणे, किलोमीटर सोड अन महिने बी सोड. इंजिनातून ते लोखंडी पट्टी ओढून काढ अन कापसावर पूस. मधावानी दिसलं तं चालू दे, काजळावानी दिसलं तं बदल.

बाबा : हं.

दीपा : आता कापसाची काय कमी हाये? खरेदी केंद्र बंद, भाव नाई, माजघरात छतापर्यंत कापूसच कापूस. म्या आत्ताच पुसून आणली पट्टी. हे पाहा. काय रंग हाये?

बाबा : ...मधावानी.

दीपा : मधावानी! अन आता खरी गंमत ऐका. काल तुम्ही जे जुनं ऑइल काढलं, जे म्या डब्यात धरलं, ते बी पुसून पाह्यलं. त्याचा रंग कसा? मधावानी! त्याच्या आधीचं, जे कॅनमध्ये ठेवलंय, थे बी मधावानी! बाबा, गावातल्या सगळ्या बैलबंड्यायच्या चाकाच्या आकाले आपलं ऑइल हाये. एकही बंडी करकरत नाई आता. मागून कवा येते ते समजत नाई. परवा जमनीचे आजोबा बंडी घेऊन थेट माह्या मागं येऊन उभे राह्यले, मी किंचाळलीच.

बाबा : चांगलं हाये ना मंग. लोकायच्या कामी पडते.

दीपा : अन आई काय म्हणते ठाऊक हाये? आपल्या भाजीत नाई पडत एवढं तेल या पांढऱ्या गाडीच्या पोटात जाते. तं मुद्दा तिसरा. अमावस्या.

बाबा : तिचं नाव नको काढू.

दीपा : काहून नको? पुस्तक म्हणते पाच हजार, मिस्त्री म्हणते रंग पाय, अन माहे बाबा म्हणते अमावस्या. ऑइलचा अन चंद्राचा काय संबंध? विज्ञानाच्या दोन्ही भागात नाई. भूगोलात पाह्यलं, तिथं भरती-ओहोटी हाये, पण थे समुद्राची.

बाबा : थो सेठच्या जिनिंगचा नियम होय, कापसातली सरकी काढाच्या कारखान्याचा. अमावस्येले मशिनी बंद रायत. बंद मशिनीले तेल देता येते, चालू मशिनीले नाई. सकाळी मशिनीले तेल, दुपारी गाडीले. वीस वर्षं असंच केलं म्या.

दीपा : पण जिनिंग बंद पडून पंधरा महिने झाले, बाबा! सेठ इंदूरले गेला. तुम्ही वीस वर्षं त्याची गाडी चालवली म्हणून जाता जाता चावी तुमच्या हातावर ठेवली. आता सेठ बी नाई, मशीन बी नाई. अमावस्या तेवढी राह्यली. अन हे पाहा, हा गाडीच्या दारावरचा कागद. घनश्यामकाकायनं चिकटवलेला. काय लिहिलंय?

बाबा : वाच तूच.

दीपा : ऑइल बदलले, एकसष्ट हजार चारशे. अन आता मीटरवर किती? एकसष्ट हजार चारशे अकरा. नेरच्या जिनिंगपासून आपल्या कोठ्यापर्यंत घनश्यामकाकायनं गाडी आणून देली, थे अकरा. तेवढेच. त्यानंतर पंधरा अमावस्या, पंधरा वेळा ऑइल. अकरा भागिले पंधरा. म्हणजे तुम्ही दर पाऊण किलोमीटरले एकदा ऑइल बदलता! अध्यक्ष महाशय, साऱ्या दुनियेत एवढं ऑइल कोणत्याच गाडीनं प्यायलं नसन!

बाबा : झालं भाषन?

दीपा : टाळ्या वाजवा मंग.

बाबा : ये इकडे. बस बाजूच्या सीटवर. तुले दाखवतो. मंग तूच सांग ऑइल ठीक हाये का नाई.

(बबनरावांनी ताडपत्री सारली, शर्टाच्या बाहीने काच पुसली, आणि देवघराचं दार उघडावं तसं हळूच गाडीचं दार उघडलं. दीपा धप्पकन बाजूला बसली. त्यांनी चावी लावली, अर्धी फिरवली आणि हात आखडता घेतला. मीटरच्या खाली एक बारीक लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचं चित्र असलेला.)

बाबा : पायलं?

दीपा : लाल दिवा!

बाबा : कायचा दिवा होय थो?

दीपा : झारीचं चित्र हाये. ऑइलचा?

बाबा : ऑइलचा. कालच भरलं म्हनतं ना तू? मध म्हनतं ना? मंग लाल काहून?

दीपा : पट्टी अखीन पुसू काय?

बाबा : बोल ना. कप भेटला ना तुले.

दीपा : दर वेळेस लागते हा?

बाबा : दर वेळेस. बदलतो, चावी फिरवतो, पायतो. लालच. चावी काढून घेतो. पुढच्या अमावस्येले अखीन बदलतो.

दीपा : मले काहीच समजून नाई राह्यलं. पट्टी मधावानी, अन दिवा लाल. पुस्तक म्हणते सहा महिने, दिवा म्हणते कालचंही चालत नाई! लाल दिवा! लाल दिव्याची गाडी!

रुखमाबाई : कोनाची लाल दिव्याची गाडी आली वो? अखीन पाहनीवाले आले काय गावात? मी म्हनलं, आता परवाच तं एक साहेब येऊन गेला, कापसाच्या पऱ्हाटीचं बोंड हातात घेऊन फोटो काढून गेला. मोठं धुडकं घेऊन धावत आली बाप्पा मी, म्हनलं सायबाले बसाले टाकाव.

दीपा : नाई वो रुखमामावशी! साहेब नाई. आपल्याच गाडीत दिवा लागला.

रुखमाबाई : बबनच्या गाडीवर? बबन मंत्री झाला काय?

दीपा : वर नाई, आत. हा पाहा, बारीकसा. ऑइलचा. बाबा म्हणते, हा लाल हाये तोवर गाडी काढता येत नाई. अन हा काही इझून नाई राह्यला.

रुखमाबाई : ए पोट्टी! दिवा इझला असं म्हनू नाई. घरच्या दिव्याले कोनी असं बोलते काय? दिवा शांत झाला म्हनाव.

दीपा : बरं. शांत होऊन नाई राह्यला.

बाबा : बसा रुखमाबाई. चहा मांडाले सांगतो. नाई, दीपाची आई वावरात गेली. दीपे, तूच मांड.

दीपा : मांडते. पण आधी पुस्तक आणते. दिव्याचं पान बी असनच त्यात. ऑइलचं पान वाचलं, दिव्याचं नाई वाचलं म्या. जाऊ नका कुठं. चावी काढू नका!

रुखमाबाई : वाऱ्यावानी गेली. मागच्या साली पाहुने आले तं दाराआड लपत होती ही.

बाबा : हाव.

रुखमाबाई : तिची मैत्रीन सांगत होती. सोमवारी तुह्या गाडीत जानार म्हने चौघी.

बाबा : म्या हाव नाई म्हनलं.

रुखमाबाई : नाई बी नाई म्हनलास.

बाबा : हात कसा हाये?

रुखमाबाई : हात हातासारखा हाये. तीन बोटायनं बी पीठ मयता येते, तुले सांगतलं ना म्या. थंडीत ठनकते, मंग बरं वाटते. दोन नाईत थे बोटं जास्त ठनकतात, त्याची गंमत वाटते.

बाबा : तुम्ही हसता.

रुखमाबाई : मंग काय करू? मशिनीत कापूस लोटता लोटता हात लोटला गेला. माहाच हात, मीच लोटला. बबन, पोरीले काय सांगतलं तू? गाडी काहून काढत नाई म्हनून?

बाबा : ऑइल.

रुखमाबाई : अजून ऑइलच?

बाबा : मंग काय सांगू? की त्या अमावस्येले सेठ म्हनला, कापूस अंगनात मावत नाई, मशीन बंद ठेवाची नाई. मशिनीले तेल नाई देलं, गाडीचं बी नाई बदललं. तिसऱ्या दिवशी तुमचा हात गेला. तुम्हाले गाडीत घातलं अन गाडी बी रस्त्यात गेली. एका अमावस्येचं तेल राह्यलं अन...

रुखमाबाई : हे आपलं बरं हाये तुहं. सगळं तेलावर.

दीपा : काय तेलावर? काय बोलून राह्यले तुम्ही? म्या ऐकलं थोडंसं. दूध उतू गेलं, गॅस बंद करून आली. चहा मंग. मावशी, तुमचा हात जिनिंगमध्ये गेला हे मले मालूम हाये. पण आपल्या गाडीत नेलं होतं, हे नव्हतं मालूम.

बाबा : पुस्तक वाच.

दीपा : वाचते. पण आधी हे सांगा. गाडी रस्त्यात गेली म्हणजे काय?

बाबा : बंद पडली. नेर सोडलं, यवतमाळच्या अर्ध्या रस्त्यात रस्ता रोको होता. कापसाचं खरेदी केंद्र चालू करा म्हनून लोकायनं बंड्या आडव्या लावल्या होत्या. त्या गर्दीत बंद पडली. अन हा दिवा लागला. मी समजलो. तेल गेलं, इंजिन खलास. आता पुन्हा चावी मारली तं सगळंच जाम होईन. म्या हात नाई लावला. मागच्या सीटवर ह्या, फडक्यात रगत. तासभर गेला तिथं. दीड तास. डॉक्टर म्हनला, आधी आनलं असतं तं...

रुखमाबाई : डॉक्टर काय म्हनला थे मले इचार. मी होती टेबलावर, तू भाईर होता. डॉक्टर म्हनला, दोन बोटं तं मशिनीतच राह्यली, बाई, आता काय शिवू? तासाचा अन दीड तासाचा प्रश्नच नाई.

बाबा : तुम्ही हे माह्यासाठी म्हनता.

रुखमाबाई : तुह्यासाठी मी कायले खोटं बोलू? तू काय माहा जवाई होय?

दीपा : थांबा, थांबा, थांबा. सापडलं पान. ऐका. मी मराठीत सांगते. ऑइलचा दिवा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागतो. इंजिन सुरू होताच तो... तो शांत होतो. इंजिन सुरू झाल्यावरही तो राह्यला, तरच गाडी थांबवा अन ऑइल पाहा.

रुखमाबाई : म्हंजे?

दीपा : म्हणजे इंजिन बंद असलं की हा लागणारच! ऑइल आजचं असो, कालचं असो, मधावानी असो का काजळावानी असो! बाबा, तुम्ही चावी अर्धीच फिरवता. पंधरा महिन्यात एकदा तरी पूर्ण फिरवली?

बाबा : नाई.

दीपा : मंग तो शांत कसा होईन! तुम्ही गाडी चालू करत नाई म्हणून दिवा जात नाई, अन दिवा जात नाई म्हणून तुम्ही गाडी चालू करत नाई! अरे देवा. गोल. नुसतं गोल गोल. अन मधात बिचारं ऑइल.

बाबा : वीस वर्षं रोज सकाळी पायला म्या थो दिवा. चावी फिरवली की लागे, गाडी चालू झाली की जाय. वीस वर्षं. सेठच्या मुलाले गाडी म्याच शिकवली, त्याले बी हेच सांगतलं होतं. पायतो तवा हात थांबतेच पन. अर्ध्यावर.

दीपा : म्हणजे त्या दिवशी बी... एक मिनिट. मले डोक्यात लावू द्या. दिवा लागला म्हणून गाडी बंद नाई पडली. गाडी बंद पडली म्हणून दिवा लागला. हो ना?

बाबा : हाव.

दीपा : मंग ऑइल गेलंच नव्हतं! घनश्यामकाका काल तेच सांगत होते, मले तवा समजलंच नाई. ते म्हणे, त्या गाडीले कधीच काही झालं नव्हतं पोरी, रस्त्यावरून म्या आणली, एका चावीत चालू झाली. तुह्या बाबाले सांगतलं तं म्हणे, तू तेल टाकलं असशीन. ऑइल निर्दोष हाये, बाबा! पंधरा महिने तुम्ही विनाकारण... पण मंग गाडी बंद काहून पडली?

रुखमाबाई : दीपे, चहा मांड जाय.

दीपा : मांडते ना. पण काहून पडली?

रुखमाबाई : उतू गेलेलं दूध पुसलं काय?

दीपा : मावशी, तुम्हाले मालूम हाये.

रुखमाबाई : मले गाडीतलं काय समजते? मी मांगं पडली होती.

बाबा : सांगा रुखमाबाई. मले आठवत नाई. खरंच नाई आठवत. बंड्या आठवतात अन एकदम दिवा आठवते. मधातलं नाई.

रुखमाबाई : नको ना बाप्पा.

बाबा : सांगा.

रुखमाबाई : काही नाई झालं. लोकं बाजूले होऊन राह्यले होते. आवाज देत होते, बाईले लागलं, गाडी जाऊ द्या, गाडी जाऊ द्या. बंड्या हातानं उचलून सरकवत होते बिचारे. तू हळू हळू काढून राह्यला होता. तेवढ्यात एक गोऱ्हा बिथरला, आडवा आला. तू पाय दाबला. गाडीनं एक उडी मारली अन चूप झाली. बस. एवढंच.

बाबा : उडी मारली.

रुखमाबाई : बारीकशी.

बाबा : क्लच.

दीपा : काय?

बाबा : क्लच नाई दाबला म्या. नुसता ब्रेक दाबला. शिकाऊ पोट्टं करते तसं. गचका देऊन बंद पडली. पुन्हा चावी मारली असती तं... एका चावीत...

दीपा : बाबा.

बाबा : एका चावीत चालू झाली असती.

रुखमाबाई : झाली असती. नाई झाली. त्याच आंदोलनातल्या पोट्ट्यायनं मले कापसाच्या ट्रॉलीत घातलं अन ट्रॅक्टरनं यवतमाळले नेलं. तू मायाजवळ बसला होता, डोकशावर हात ठेवून. खाली नुसता कापूस. तुले सांगतो बबन, जल्मभर कापूस वेचला, पन त्याच्यावर झोपली त्याच दिवशी. काय मऊ लागते बाप्पा! उगाच इकतो आपन.

दीपा : मावशी, तुम्हाले पहिल्यापासून मालूम होतं? मंग काहून नाई सांगतलं?

रुखमाबाई : दवाखान्यात हा मायाजवळ येऊन म्हनला, रुखमाबाई, तेल राह्यलं होतं. म्या म्हनलं, असन बाप्पा. तेलाले काय होते? तेल काही रात्रभर जागं रायत नाई. तेलाले कोनाले तोंड दाखवाचं नसते. तेलावर गेलं तं जाऊ दे, म्हनलं. मले काय मालूम, हा त्याचं पंधरा महिने पारायन करन.

दीपा : म्या उगाच काढलं हे सगळं. उगाच पुस्तक वाचलं. मले वाटलं, उत्तर सापडन अन आपण टाळ्या वाजवू. आता मले समजत नाई, चूक कोणाची? ऑइलची नाई, गाडीची नाई, सेठची म्हणावं तं...

रुखमाबाई : सगळ्याले मार्क द्याले तू काय बोर्डाची परीक्षक होय? चूक गोऱ्ह्याची. थो तुह्या जमनीच्या आज्याचा होता. जा, त्याले इचार.

दीपा : जमनीच्या आजोबांचा? खरंच?

रुखमाबाई : मले काय मालूम. सगळे गोऱ्हे सारखेच दिसतात. हसला. पाय, दीपे, हसला तुहा बाप.

बाबा : हसलो नाई.

रुखमाबाई : मंग काय केलं?

बाबा : दीपे, पुस्तकात काय म्हनलं? ऑइलचं.

दीपा : पाच हजार किंवा सहा महिने. धूळ असली तं निम्मं.

बाबा : रोजचं नेर जाऊन येऊन बावीस. पेपर किती?

दीपा : आठ. पण मधात सुट्ट्या हायेत. आठ गुणिले बावीस, एकशे शहात्तर. अडीच हजाराले लय वेळ हाये, बाबा. पण तीन महिने आधी घडतीन. जे आधी घडन ते. म्हणजे... म्हणजे जूनपर्यंत ऑइल बदलाचंच नाई. माहा निकाल लागला की बदलू.

बाबा : अन येनारी अमावस्या?

दीपा : तिले तशीच जाऊ देऊ.

बाबा : बंड्या करकरतीन.

दीपा : करकरू द्या. निदान मागून आली तं ऐकू येईन.

बाबा : रुखमाबाई, गाडी कोठ्यातून भाईर काढाची हाये. तुम्ही बाजूले व्हा जरा. धक्का लागन.

रुखमाबाई : बाजूले काय होऊ? मांगचं दार उघड. मी बसतो.

बाबा : तुम्ही? मांगं?

रुखमाबाई : मंग कुठं, टपावर? माही जागा हाये थे. त्या दिवसाची सवारी अर्धीच झाली माही. उघड दार, बबन.

दीपा : मी उघडते. थांबा, सीटवर चाऱ्याचं पोतं हाये, काढते. बसा. पाय घ्या आत. मावशी, ठीक हाये ना?

रुखमाबाई : सीट तशीच हाये. कडकच. कापूस बरा होता.

बाबा : दीपे, तू पुढं बस. अन पोट्ट्यायले सांग, सोमवारी साडेनवाले शाळेच्या फाटकापाशी उभ्या राह्यजा. दहाले नाई. साडेनवाले.

दीपा : साडेनवाले! बाबा, मी आत्ता जाऊन सांगून...

बाबा : आधी बस.

दीपा : बसली. क्लच दाबला?

बाबा : दाबला.

दीपा : नीट दाबला?

बाबा : दाबला म्हनतो ना, बाई.

दीपा : मंग फिरवा. अर्धी. हं, लागला लाल दिवा. आता थांबू नका. बाबा, थांबू नका, पुढं, पुढं...

रुखमाबाई : आवाज तं आला वो! अन दिव्याचं काय झालं? मले मांगून काही दिसत नाई.

दीपा : शांत झाला, मावशी! लाल दिवा शांत झाला!

रुखमाबाई : बबन, काय म्हनते ही? गाडीच्या आवाजात ऐकू येत नाई मले. दिवा कसा हाये?

बाबा : इझला, रुखमाबाई. इझला.